लाल टोकाची काडी आता पुरे

गेल्या महिन्यात माझ्या दवाखान्यातील औजारांच्या ट्रॉलीचा एक पाय निखळला. ट्रॉली स्टेनलेस स्टीलची. साध्या वेल्डिंगने काम ओबडधोबड होते, तेव्हा ‘आरगॉन करून आणू या’ असे कंपाउंडरने सुचविले. रविवारी दवाखाना बंद असतो म्हणून मीच ती ट्रॉली टेम्पोत टाकून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीमागील एका गल्लीत गेलो. पत्र्याची शेड, दारात दुधाची एक मोठी टाकी आणि बेदाण्याच्या यंत्राच्या दोन चाळण्या पडलेल्या. आतून एक गृहस्थ हात पुसत पुढे आले. “डॉक्टर, तुम्ही इकडं कसं?”

ते माझेच रुग्ण निघाले. दोन वर्षांपासून कोरड्या खोकल्यासाठी माझ्याकडे येत होते. मी त्यांना औषध दिले होते, एकदा छातीचा एक्स-रे काढला होता आणि तंबाखू सोडण्याचा उपदेश दर खेपेस केला होता. केसपेपरवर ‘धंदा – वेल्डिंग’ एवढेच माझ्या हस्ताक्षरात लिहिलेले. कसले वेल्डिंग, कोणत्या धातूचे, काडी कोणती, हे मी दोन वर्षांत एकदाही विचारले नव्हते. वाचकहो, आजचा लेख या चुकीची कबुली म्हणून लिहीत आहे.

त्या दिवशी मी काय पाहिले ते सांगतो. वेल्डरने टॉर्चमधून वीतभर लांबीची, पेन्सिलीच्या शिसापेक्षा थोडी जाड अशी टंगस्टनची काडी काढली. तिच्या एका टोकाला लाल रंग होता. दुसरे टोक बोथट झालेले. ते बेंच ग्रायंडरकडे गेले, तोंडावरची काच वर केली आणि काडीला टोक काढू लागले. ठिणग्या आणि बारीक धूळ सरळ त्यांच्या छातीवर येत होती. टोक निघाल्यावर त्यांनी काडीवर एक फुंकर मारली. शेजारी नुकताच आयटीआय पूर्ण केलेला एक पोरगा चहा पीत बसला होता. नंतर आमच्या या गृहस्थांनी त्याच तळहातावर तंबाखू-चुना मळला, दाढेखाली ठेवला, हातमोजे चढविले, काच खाली ओढली आणि अगदी काळजीपूर्वक माझी ट्रॉली जोडली. काम सुबक झाले. पण मला आपली म्हण आठवली : आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सारी काळजी जोडताना, आणि धोका मात्र घासताना!

लाल रंग काय सांगतो?

ज्याला गल्लीत आरगॉन वेल्डिंग म्हणतात, त्याचे पुस्तकी नाव टिग वेल्डिंग. यात जोडणारी काडी आणि वीज देणारी काडी वेगवेगळ्या असतात. वीज देणारी काडी टंगस्टनची. टंगस्टन सुमारे ३,४०० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून ती आर्कच्या उष्णतेत टिकते. भोवती आरगॉन वायूचे आवरण असते, त्यामुळे हवा लागून धातू काळवंडत नाही. दुधाच्या टाक्या, साखर कारखान्यातील नळ, दवाखान्यातील सामान, जिन्याचे चकचकीत कठडे हे सारे असेच जोडले जाते.

शुद्ध टंगस्टनमधून विजेचे कण सहजी बाहेर पडत नाहीत. त्यात एखाद्या धातूचे ऑक्साइड थोडे मिसळले की आर्क पटकन पेटतो, स्थिर राहतो आणि टोकही जास्त टिकते. ही भेसळ कशाची आहे हे ओळखण्यासाठी काडीच्या टोकाला रंग देतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हिरवा म्हणजे शुद्ध टंगस्टन, करडा म्हणजे सेरियम, काळा, सोनेरी आणि निळा म्हणजे लँथनम (अनुक्रमे सुमारे १, दीड आणि २ टक्के), पांढरा म्हणजे झिर्कोनियम. आणि लाल म्हणजे थोरियम, सुमारे २ टक्के. पिवळा असेल तर तेही थोरियमच, पण १ टक्का.

थोरियम हा किरणोत्सर्गी धातू आहे. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत तो सापडतो. आमच्या पिढीला तो नकळत परिचितही आहे. लग्नाच्या मांडवात, कीर्तनात, जत्रेत जी पेट्रोमॅक्सची बत्ती असे, तिच्या पांढऱ्याशुभ्र जाळीत थोरियमच वापरत असत. ऑस्ट्रियातील रसायनशास्त्रज्ञ आउअर फोन वेल्सबाख यांनी १८९१ साली ९९ टक्के थोरियम आणि १ टक्का सेरियम यांच्या ऑक्साइडांची ती जाळी सिद्ध केली.

घाबरू नका, पण ऐका

किरणोत्सर्ग म्हटले की लोक एकतर घाबरतात, नाहीतर हसून सोडून देतात. दोन्ही चूक. नीट समजून घ्यावे.

थोरियम मुख्यतः अल्फा कण सोडतो. हे कण कागदाच्या एका तावाने किंवा आपल्या कातडीच्या वरच्या मृत थरानेही अडतात. म्हणून लाल टोकाची काडी खिशात असली, हातात धरली, तरी त्यातून फारसे काही होत नाही. थोरियमचे अर्धआयुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षांचे. म्हणजे तो अतिशय सावकाश किरण सोडतो. जोडकाम चालू असताना काडी फारच थोडी झिजते, त्यामुळे त्या वेळी हवेत जाणारे थोरियमही थोडेच.

मग गोम कुठे आहे? ती ग्रायंडरवर आहे. काडी घासली की तिची अतिबारीक भुकटी होते. ती श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाते. थोरियमचे ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे गेलेला कण दीर्घकाळ तेथेच राहतो. बाहेरून कातडीने अडणारा अल्फा कण आत मात्र सरळ जिवंत पेशीवर आदळतो. दाराबाहेरचा भिकारी आणि घरात मुक्काम ठोकलेला पाहुणा यांत जो फरक, तोच येथे.

याचा कडू धडा आम्हा डॉक्टर लोकांनीच घेतलेला आहे. १९३० नंतरच्या काळात एक्स-रेमध्ये रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून ‘थोरोट्रास्ट’ नावाचे थोरियमयुक्त द्रव्य रुग्णांच्या शिरेत टोचत असत. चित्र सुरेख येई. रुग्णाला त्या वेळी काही त्रासही होत नसे. पुढे वीस-तीस वर्षांनी त्यातील अनेकांना यकृताचा कर्करोग झाला. वेल्डरच्या फुप्फुसात जाणारे प्रमाण त्या मानाने अगदी अल्प असते, हे मी मुद्दाम सांगतो. परंतु ‘आज काही होत नाही, म्हणजे उद्याही होणार नाही’ हा हिशेब थोरियमच्या बाबतीत चुकतो, एवढे त्यातून शिकावे.

माझ्या त्या रुग्णाचा खोकला थोरियममुळे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. तशी शक्यता नाही. त्याचे कारण दुसरेच निघाले, ते पुढे सांगतो.

“लालच भारी चालते, डॉक्टर”

शेडच्या मालकांशी मी तेथेच बोललो. ते मनाचे चांगले गृहस्थ. म्हणाले, “डॉक्टर, तीस वर्षं लालच वापरतोय. आर्क गपकन धरतो. दुसरी घेऊन काम बिघडलं तर टाकीवाला पैसे देणार व्हय?”

हा प्रश्न रास्त आहे. हाताला बसलेले हत्यार कारागीर सहज सोडत नाही, आणि सोडूही नये. लाल काडी चांगली चालते हेही खरे. पण ती चांगली चालते म्हणून दुसरी चालत नाही, हे खरे नाही. मी अभियंता नव्हे. म्हणून या विषयातील जाणकारांशी बोललो, काही वाचले, आणि नंतर त्याच शेडमध्ये निळी काडी लावून काम करून पाहिले. (मी केवळ उभा होतो, काम वेल्डरनेच केले.) धातूप्रमाणे काडीची निवड साधारण अशी आहे.

लोखंड, स्टेनलेस, तांबे आणि टायटॅनियम यांना डी.सी. वीज लागते, आणि काडी ऋण टोकाला जोडतात. उष्णतेचा मोठा वाटा कामाच्या तुकड्यावर पडतो आणि काडी त्या मानाने थंड राहते. येथे काडीला पेन्सिलीसारखे टोक हवे. लँथनमची निळी किंवा सोनेरी काडी येथे उत्तम चालते. म्हणजे लाल काडीचे जे मुख्य काम, तेच. पातळ पत्रा, बारीक नळी आणि कमी करंटचे काम असेल तर सेरियमची करडी काडीही चांगली, कारण थोड्या करंटवर तिचा आर्क सहज पेटतो.

अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट निराळी. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांला वितळते, पण त्याच्यावर चढलेला ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्या वर. आतला धातू पाणी होतो तरी वरची कात तशीच. ती फोडण्यासाठी ए.सी. वीज लागते. येथे काडी जास्त तापते. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनवर हिरवी म्हणजे शुद्ध किंवा पांढरी म्हणजे झिर्कोनियमची काडी वापरतात, आणि तिचे टोक गोल होते. आजच्या इन्व्हर्टर मशीनवर लँथनमची काडीच ए.सी. आणि डी.सी. दोन्हीला चालते. लाल काडी ए.सी.वर मुळीच लावू नये. टोक फुटते, कण उडतात, काम खराब होते आणि हवेत थोरियमही जास्त जाते. पैसा आणि प्रकृती, दोन्हींचे नुकसान!

थोडक्यात, ज्या छोट्या शेडमध्ये कधी स्टेनलेस, कधी लोखंड तर कधी अ‍ॅल्युमिनियम येते आणि मशीन इन्व्हर्टरचे आहे, तेथे २ टक्के लँथनमची निळी काडी ठेवली की बहुतेक सर्व कामे भागतात. मग जे विष टाळता येते ते हट्टाने का जवळ बाळगावे? माझे मत स्पष्ट आहे : लाल काडीची आता गरज उरलेली नाही, म्हणून तिचा धोका कितीही लहान असला तरी तो घेण्याचे कारण नाही.

घासण्याची रीत

काडी कोणतीही असो, घासताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

काड्यांसाठी ग्रायंडरचे एक चाक वेगळे ठेवावे. ज्या चाकावर लोखंड घासले जाते त्यावर काडी घासली की मळ काडीला लागतो आणि आर्क भरकटतो. काडी चाकावर उभ्या दिशेने, लांबीच्या रेषेत घासावी, आडवी फिरवू नये. घासण्याची खूण लांबीच्या दिशेने असली की आर्क सरळ राहतो. रंग असलेले टोक कधीही घासू नये. एकदा रंग गेला की कोणती काडी आहे हे सांगणारे कोणी उरत नाही.

नाकावर रुमाल बांधणे म्हणजे संरक्षण नव्हे. बारीक धूळ रुमालातून आरपार जाते. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ दर्जाचा मास्क असावा, आणि डोळ्यांना चष्मा. धूळ ओढून घेणारी सोय असेल तर फारच उत्तम. काडीवर फुंकर मारू नये. ग्रायंडरखालची धूळ कोरड्या झाडूने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, आणि ते फडके व धूळ झाकणाच्या डब्यात ठेवावे. ग्रायंडरपाशी चहा, जेवण, पाण्याची बाटली ठेवू नये. आणि तंबाखू? ती सोडावी हे तर मी सांगणारच. पण जोवर सुटत नाही तोवर निदान हात साबणाने धुतल्याशिवाय तळहातावर मळू नये. चुन्याबरोबर काडीची भुकटीही पोटात जाते. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत.

शिल्लक लाल काड्या असतील त्यांचे काय? त्या घासून संपविण्याच्या भरीस पडू नये. डब्यात बंद करून वर चिठ्ठी लावावी आणि ज्याच्याकडून घेतल्या त्या विक्रेत्याला परत घेण्याविषयी विचारावे. भंगारात किंवा मुलांच्या हाती देऊ नयेत.

केवळ काडी बदलून भागत नाही

येथे एक खुलासा आवश्यक आहे. निळी काडी आणली म्हणजे वेल्डिंग निर्धोक झाले, असे कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधील अतिनील किरण या दोहोंना माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले आहे. टिगमध्ये धूर कमी दिसतो, पण स्टेनलेसच्या धुरात क्रोमियम आणि निकेल असतात. धूर कमी म्हणून प्रकाश अधिक प्रखर, आणि त्या प्रकाशाने हवेतील ऑक्सिजनचा ओझोन बनतो. तो घसा आणि छाती जाळतो. तुकडा पुसण्यासाठी क्लोरिनयुक्त द्रावण वापरले आणि ते वाळण्याआधी आर्क पेटविला तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो.

आरगॉन स्वतः विषारी नाही, पण हवेपेक्षा जड आहे. टाकीच्या आत उतरून काम करताना तो तळाशी साचतो आणि ऑक्सिजनची जागा घेतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस खोकतही नाही, एकदम कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. टाकीत उतरण्यापूर्वी आत ताजी हवा खेळती करावी, ऑक्सिजन मोजावा आणि बाहेर एक माणूस लक्ष ठेवायला उभा असलाच पाहिजे.

आता त्या खोकल्याविषयी. त्या दिवशी शेडमध्येच मी त्यांना एक साधा प्रश्न विचारला : “सुट्टीच्या दिवशी खोकला कमी होतो का?” ते म्हणाले, “होय की. गावी चार दिवस गेलो की बंदच होतो.” जे उत्तर दोन वर्षे माझ्यासमोर बसले होते, ते मी कधी मागितलेच नव्हते! मिरजेच्या छातीच्या तज्ज्ञांकडे त्यांना पाठविले. फुंकून करावयाची फुप्फुसाची तपासणी झाली, आणि कामाच्या धुराने होणारा दमा असे निदान झाले. आता धूर ओढणारा पंखा बसला आहे, मास्क आला आहे, औषध चालू आहे, आणि टाकीच्या आतील काम सध्या दुसरे कोणी करतो.

कोणी काय करावे

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की केसपेपरवर नुसता धंदा लिहून थांबू नये. ‘हाताने नेमके काय करता?’ आणि ‘सुट्टीत बरे वाटते का?’ हे दोन प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो. आयटीआयच्या शिक्षकांनी पोरांना जोड कसा मारावा हे शिकविताना काडी कशी घासावी आणि लाल काडी का टाळावी हेही शिकवावे. हाताला लहानपणी लागलेली सवय जन्मभर टिकते, चांगलीही आणि वाईटही. दुकानदारांनी गिऱ्हाइकाने ‘टंगस्टन द्या’ म्हटले की डोळे झाकून लाल पाकीट पुढे सरकवू नये.

मालकांना एवढेच सांगावेसे वाटते की दोन-चार माणसांच्या शेडकडे तपासणीला सहसा कोणी येत नाही. तेथे कायदा म्हणजे मालकाचीच सदसद्विवेकबुद्धी. आणि तुम्ही-आम्ही गिऱ्हाइके? कठडा, टाकी, ट्रॉली करून घेताना आपण भाव करतो, मुदत विचारतो, चकाकी पाहतो. जोडणाऱ्याच्या नाकावर काय आहे, ते पाहत नाही. मीही पाहत नव्हतो.

परवा त्या शेडवरून जाताना सहज डोकावलो. ग्रायंडरजवळ निळ्या काड्यांचे पाकीट दिसले. पण चहाचा पेला अजून त्याच कट्ट्यावर होता. मी काही बोलण्याआधीच तो आयटीआयचा पोरगा उठला आणि पेला घेऊन दाराबाहेर जाऊन बसला.